चिरेखाणीतली स्ट्रॉबेरी

केळशीला एका पुणेकराच्या बंगल्याचं कुंपण चाललं होतं आणि चिरा, जांभ्याचा कापीव दगड, माझ्या खाणीचा होता. माणूस चिवट, मी त्याहून चिवट. सकाळपासून आम्ही एकमेकांवर ओरडत होतो. दुपारी तो वाहतुकीवर अडून बसला, चिरा घेईन पण गाडी तुमची. मी उठून चपला घातल्या. सौद्यात उठून चपला घालण्याचा फार उपयोग होतो. तेवढ्यात त्याच्या पायरीवर ठेवलेली कुंडी दिसली. तीन-तीन पानांचं बुटकं झाड होतं आणि पानांखाली करंगळीच्या नखाएवढी लाल फळं लटकत होती.

"हे काय?"

"अल्पाइन स्ट्रॉबेरी. डोंगरातली रानटी जात आहे. बायकोने बी आणलं होतं बाहेरून. खा एक."

खाल्लं. नाकात वास आधी भरला, चव मागून आली. आमच्याकडे असा वास फक्त हापूसच्या अढीला येतो. मी विचारलं, ह्याची रोपं कशी करता? तो म्हणाला, तीच तर पंचाईत आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला लांब फुटवे येतात, फुटवा जमिनीला टेकला की तिथे नवं रोप. ह्याला एकही येत नाही. बी पेरा, नाहीतर जुनं झाड चाकूने फाडा.

"गाडी माझी," मी म्हटलं, "पण पिकलेली सगळी फळं माझी." त्याला वाटलं, म्हातारपणी जीभ सुटली. मला फळं नको होती. मला असं झाड हवं होतं ज्यातलं माझ्या भावाला काही कळत नाही.

माझा भाऊ माझ्याहून मोठा. रत्नागिरीच्या आसपास हापूसची कलमं कोण चांगली बांधतं असं कुणालाही विचारा, लोक त्याचं नाव घेतात. त्याचा हात चांगला, असं म्हणतात. आमच्याकडे ही गोष्ट लोक खरी मानतात. एखाद्याच्या हाताने लावलेलं लागतं, एखाद्याच्या हाताने लावलेलं जळतं. लहानपणी मी लावलेला माड सुकला, मग एक कलम सुकलं, मग फणसाचं रोप. वडिलांनी चारचौघांत सांगून टाकलं, "ह्याचा हात जळका. ह्याला झाडाला हात लावू देऊ नका." आईने मान हलवली. पुढे मी बागेत पाणी जरी घातलं तरी भाऊ येऊन हातातली कळशी काढून घ्यायचा.

वाटणीच्या वेळी हेच कारण पुढे आलं. बाग थोरल्याला, कारण त्याच्या हाताला झाड लागतं. मला वरचा सडा, म्हणजे नुसता कातळ. पंचांपैकी एकजण हसून म्हणाला, "दगड जळत नाही, काळजी नको." मी तो कातळ कापला. आधी पहारीने, मग भाड्याच्या यंत्राने, मग स्वतःच्या. अंगावर लाल धूळ बसून बसून माझी बनियनं कधी पांढरी झाली नाहीत. आज अंजनवेलपर्यंत माझा चिरा जातो. भाऊ म्हणतो, तुझं तर बरंच झालं की, दगड मिळाला म्हणूनच ना? त्याला कळत नाही. दगड मिळाल्याचा राग मला नाही. तो ज्या कारणाने दिला त्या कारणाचा आहे.

घर बांधलं तेव्हा दारात माड लावायला माझ्या बायकोने मला न विचारता भावाला बोलावलं. का, तर लागला पाहिजे. लागला. मरणाचे नारळ देतो. दर वेळी शहाळं फोडताना मी कोयती जरा जोरातच मारतो.

घरामागे माझी जुनी चिरेखाण आहे. पुरुषभर खोल चौकोनी खड्डा, चारी बाजूंना कापलेल्या जांभ्याच्या भिंती, उतरायला पायऱ्या. दक्षिणेकडच्या भिंतीच्या पायथ्याशी ऊन जवळजवळ येतच नाही आणि भिंत एप्रिलपर्यंत ओली राहते. कोकणात कुठे डोंगरातली हवा मिळायची असेल तर ती इथेच, असं मी ठरवलं.

फळं मी वर्तमानपत्रावर चिरडून वाळवली आणि बी चोळून काढलं. मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. पुणेकराने सांगितलं होतं की ह्याला थंडी लागल्याशिवाय जाग येत नाही. म्हणून ओल्या वाळूत कालवून, डबीत घालून ते फ्रिजमध्ये ठेवलं, बायकोच्या बांगड्यांच्या पिशवीशेजारी. बायको म्हणाली, "आता माशांच्या फ्रिजात तुमची माती?" मी म्हटलं, तुझ्या बांगड्यांनाही काटे आहेत, मी काही बोललो का? आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

पाऊस सरल्यावर पेरलं. काथ्याचा भुसा, चाळलेली वाळू आणि कुजका पातेरा, म्हणजे पालापाचोळा, मिसळून ट्रे भरला, वर बी शिंपडलं आणि मातीने झाकलं नाही, कारण उजेड लागतो. पाणी वरून घातलं तर बी वाहून जातं, म्हणून ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवायचा आणि खालून ओल चढू द्यायची. एका रात्री परातीतलं पाणी आटलं आणि पहिला ट्रे मुंग्यांनी नेला. अक्षरशः नेला, रांग लावून, एकेक दाणा. मी ते वारूळ शोधलं आणि उकळत्या पाण्याची किटली त्यात उपडी केली. दुसऱ्या ट्रेच्या परातीत पाण्यावर रॉकेलचा थेंब सोडत गेलो. रॉकेल मातीला लागू नये म्हणून ट्रे परातीत विटांवर ठेवला, पाण्याला न टेकणारा, आणि ओल फडक्याच्या वातीने वर चढवली. बरेच दिवस काही नाही. मग हिरवा बुरा आल्यासारखं दिसलं. भिंग लावून पाहिलं तर पानं होती.

त्यानंतर माझा सगळा वेळ मारामारीत गेला. गोगलगायी आल्या, आमच्या त्या शेंबड्या, बिनशंखाच्या. पहाटे त्यांच्यावर मीठ टाकायचं आणि त्या फेसाळत विरघळताना बघायचं, हे माझं पहिलं काम. पहिली फळं लाल झाली तशी वानरं आली. खाणीच्या काठावर टोळी बसायची आणि एक मोठा नर पायऱ्यांनी उतरायचा, घरचा असल्यासारखा. मी बेचकीने त्याच्या बरगडीत जांभ्याचा तुकडा मारला. तो पळाला नाही. वळला, दात दाखवले आणि माझ्याकडे चालत आला. खाणीला वाट एकच आणि ती त्याच्या मागे. मी पहार उचलली. तो थांबला, मी थांबलो. बायको वरून म्हणाली, "दोघांपैकी कोण शहाणा ते आता कळेल." शेवटी तो भिंत चढून गेला. भिंतीवर त्याच्या नखांचे ओरखडे अजून आहेत. दुसऱ्या दिवशी मी वर जाळी ठोकली.

भाऊ गडग्यापलीकडून हे सगळं बघायचा. आमच्या दोघांच्या जमिनींमध्ये चिऱ्यांचा तो गडगा आहे, त्याच्या पलीकडे उतारावर त्याची बाग.

"काय लावलंयस?"

"स्ट्रॉबेरी."

"फुटवे कुठायत?"

"ह्याला येत नाहीत."

"फुटवे नाहीत अशी स्ट्रॉबेरी असते होय? कापून लपवलेयस." तो हसला. "मागायला येत नाही मी, घाबरू नको. तसंही पाऊस काढायची नाहीत ती. तुझ्या हातान् आजवर काय जगलंय?"

खाणीत इतक्या जोरात ओरडू नये, आवाज फिरून आपल्यालाच लागतो. मी ओरडलो, पाऊस काढतील, आणि काढला तर आयेसमोर तुझ्या तोंडाने कबूल करायला लावीन. त्याने हात झटकला आणि गेला. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. चिऱ्याची गिऱ्हाईकं फोनवर आणि मी खाणीत पानं मोजत.

उन्हाळ्यात अर्ध्याहून जास्त झाडं मेली. उरली ती जाड झाली, एकेका बुंध्याशी चार-पाच गड्डे. ह्या झाडाचा सगळा जीव त्या गड्ड्यात असतो, मुळं जिथे संपतात आणि पानं जिथे सुरू होतात तिथे. तो उघडा राहिला पाहिजे. झाकला की कुजला. म्हणून चिऱ्याच्या खडीवर उंच वाफे केले आणि गड्डे मातीच्या वर ठेवले. वर पत्रा घालायचा होता. तेवढ्यात यंत्राचं पातं तुटलं आणि मला कोल्हापूरला जावं लागलं. तिथे दुकानदाराशी घासाघीस लांबली, मग घाटात दरड आली, आणि चार दिवसांचे आठ झाले.

घरी आलो तो बुटांसकट खाली उतरलो. वाफे सुरेख दिसत होते. समोरच्या प्रत्येक झाडाभोवती शेणखत आणि मातीचा गोल ढीग, थापून गुळगुळीत केलेला, पावसाआधी माडाच्या बुडाला भर घालतात तसा. ढिगाच्या टोकातून पानांचे शेंडे तेवढे बाहेर. मी बोट खुपसून एक गड्डा उचलला. उकडलेल्या अळकुडीसारखा तो सालीतून सुटून हातात आला. वास नको तो.

"कोण आलं होतं इथे?"

बायको वरून म्हणाली, "दादा आले होते. पाऊस तोंडावर आलाय आणि ह्याने अजून भर घातली नाही म्हणाले. घमेली घेऊन आले होते बिचारे. मी चहा दिला."

"चहा दिलास?"

"मग काय, दीर दारात आला तर दगड मारू?"

मी गडग्यावर चढलो आणि त्याला हाक मारली. हाक कसली, शिव्याच. तो कोय कलमं बांधत होता, तसाच आला, कमरेला चाकू. वडिलांचा चाकू तो, शिंगाच्या मुठीचा. ह्याच चाकूने बांधलेलं कलम लागतं, अशी त्याची समजूत.

"ओरडतोस कशाला? आयेचा डोळा लागलाय आत्ताच."

"खाली ये."

आला. मी कुजलेला गड्डा त्याच्या नाकाखाली धरला. "हे काय आहे?"

"कुजलंय."

"कोणी कुजवलं?"

त्याने झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पडला होता, खोटं नाही सांगत. पण पुढे तो जे बोलला ते ऐका. "अरे, नागडे बसले होते गड्डे. मला वाटलं, लावताच आलं नाही ह्याला, परत मारणार हा. म्हणून झाकलं. गाव हसेल म्हणून झाकलं रे तुझं."

त्याने झाडं मुद्दाम मारली असती तर मी कदाचित नुसती शिवी घातली असती. मुद्दाम मारायला आधी मला कुणीतरी म्हणून मोजावं लागतं. हा माझी लाज झाकायला आला होता, माझ्याच खाणीत, माझ्याच बायकोचा चहा पिऊन.

मी त्याच्या छातीवर दोन्ही हात मारले. तो भिंतीवर आदळला आणि खाली घसरला. कापलेला जांभा किसणीसारखा असतो, त्याच्या पाठीची साल निघाली. उठला तो माझ्या गळ्यालाच आला. आयुष्यभर माडावर चढलेला माणूस, त्याची बोटं म्हणजे काथ्याचे दोर. माझ्या डोळ्यांपुढे काळं झालं. मी गुडघा घातला, पकड सुटली, आणि मग ठोसा त्याच्या तोंडावर बसला. दात तुटल्याचं माझ्या मुठीला कळलं. त्याने माझं डोकं काखेत धरलं आणि बुक्क्या घातल्या, एक, दोन, पाच, वडिलांसारख्या, त्याच लयीत. आम्ही वाफ्यांवर पडलो, लोळलो, तोंडात शेणखत गेलं. आमच्या खाली काय काय चिरडतंय ते मला कळत होतं आणि मी थांबत नव्हतो. जांभ्यावर रक्त दिसत नाही. माझ्या बाहीवर दिसलं तेव्हा समजलं की बरंच सांडलंय.

बायकोने वरून बादलीभर पाणी ओतलं, कुत्र्यांवर ओततात तसं. "लाज वाटते का?" ती म्हणाली. "नातवंडं व्हायची वयं तुमची!"

भाऊ तोंड धरून वर गेला. पायरीवर थांबून थुंकला आणि म्हणाला, "जळका तो जळकाच."

त्याच संध्याकाळी मी सगळे ढीग उपसले. सगळं कुजलेलं. फक्त टोकाशी, भिंतीच्या कोपऱ्यात दोन झाडं धड होती. तिथपर्यंत त्याचं शेणखत पुरलं नसावं. आणि चिखलात त्याचा चाकू पडलेला होता.

दोनच झाडांवर पाऊस काढणं म्हणजे दोन चिऱ्यांवर घर. एकाला बुरशी लागली की संपलं. फळ नव्हतं, म्हणजे बीही नव्हतं. उरला दुसरा मार्ग, फाडायचा. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही झाडं उपटली, मुळं बादलीत धुतली आणि पायरीवर बसलो. तेवढ्यात भाऊ गडग्यावर आला. ओठ केळफुलासारखा सुजलेला.

"माझा चाकू."

"ये आणि घे."

तो आला नाही. मी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच चाकूने पहिला बुंधा मधून चिरला. तो वरून कळवळला, जणू त्याचंच बोट कापलं. "अरे, मूळ बघून काप! प्रत्येकाला मूळ राहू दे!"

"आधी तुझा दात बघ."

"मेल्या, धार उलटी धरलीयस!"

धार उलटीच होती. मी मान वर न करता फिरवली. मुळांचा गुंता हातांनी ओढून सोडवला, बुडाचा काळा लाकडी भाग छाटला, पानं निम्मी कापली, जखमांना चुलीची राख फासली. दोन झाडांची नऊ झाली. गड्डे उघडे ठेवून लावली आणि भर पावसात, पायऱ्यांवरून धबधबा वाहत असताना, वर पत्रा ठोकला. एकदा घसरून हातोडी अंगठ्यावर बसली, नख गेलं. पावसाळाभर खाणीत पाणी साचलं की मी पंप लावायचो, गोगलगायी मारायचो, सडलेलं पान दिसलं की खुडायचो. नऊची सहा झाली. सहा टिकली. दिवाळीनंतर त्यांनी अशी पानं काढली की माती दिसेना, आणि पौषात फळ धरलं.

चाकू मी दिला नव्हता. दुसऱ्या चाकूने बांधलेली कलमं लागत नाहीत, अशी भावाने गावभर ओरड केली होती. शेवटी गडग्यावर येऊन त्याने विचारलं, "काय घेशील?"

"आयेला घेऊन ये. तिच्यासमोर म्हण, ही झाडं ह्याने लावली."

"एवढंच?"

"एवढंच."

सौदा झाला. त्याने आईला हाताला धरून आणलं. ती पायऱ्यांच्या वरच्या चिऱ्यावर बसली, पदर सावरला. मी पिकलेली फळं पानावर घालून तिच्या हातात दिली. तिने एक दाढेखाली ठेवलं, बराच वेळ घोळवलं.

"वास बरा आहे," ती म्हणाली. "कोणी लावलान् हे?"

भाऊ माझ्याशेजारी वाफ्याजवळ उभा होता. घसा खाकरून म्हणाला, "ह्याने."

समोरचा शेवटच्या बोलीवर आला की हात पुढे करायचा असतो. मी जन्मभर ह्यावर खाल्लंय. पण मी म्हटलं, "मोठ्याने. आणि हात जळका नाही असंही म्हण."

"ते सौद्यात नव्हतं."

"आता आहे."

"तू कापून जगवलीस. कापून कोणीही जगवील. चाकू दे."

आई वरून ओरडली, "मेल्यांनो, ह्या कणाएवढ्या फळापायी दात पाडलात एकमेकांचे? मला वाटलं कलिंगड तरी असेल."

दिलेला शब्द मी मोडत नाही, त्यावर माझा धंदा उभा आहे. मी चाकू त्याच्या पायाशी मातीत फेकला, पात्याच्या बाजूने. तो रुतला. भावाने वाकून उचलला, धोतराला पुसला, आणि वाकलेला असतानाच त्याचं लक्ष झाडाकडे गेलं. "हे पिवळं पान काढ की," म्हणत त्याने सवयीने हात पुढे केला.

मी त्याचं मनगट पकडलं. त्याचा हात एकदा लागला असता, तर पुढल्या वर्षीचं प्रत्येक फळ गावाने त्याच्या नावावर घातलं असतं. मी पिरगाळत गेलो आणि तो ओठ दाबून उभा राहिला, चाकू दुसऱ्या हातात.

"सोड त्याला," आई म्हणाली.

मी तसाच धरून त्याला एकेक पायरी वर चढवत नेलं. गडग्यापाशी पोचलो तेव्हा सोडला, आणि खाली येऊन ते पिवळं पान मी माझ्या हाताने खुडलं.